अक्का, गाडी समुद्रात आहे

अक्का, तुम्ही जाऊन अजून आठवडा झाला नाही आणि लोक मला तुमच्याबद्दल कमी, तुमच्या गाडीबद्दल जास्त विचारतात. दुकानासमोर थांबतात, तोंड पाडून 'लई चांगलं माणूस होतं' म्हणतात, आणि लगेच आवाज उतरवून, 'काशिनाथ, आता त्या गाडीचं कसं?' मी सांगतो, गाडी आहे. 'आतली बाई अजून बोलती का?' बोलते. 'मग बरंय,' म्हणून निघून जातात. तुमच्या मागं एक तरी बाईमाणूस राहिलं, याचंच त्यांना समाधान वाटत असावं.

हे मी शाळेतल्या भाषेत लिहितोय. आपण बोलायचो तसं लिहिलं असतं तर तुम्ही वर बसून लाल रेघा मारल्या असत्या. तुम्ही भूगोलाच्या बाई, पण शुद्धलेखनाचे गुण सगळ्यात जास्त तुम्हीच कापायच्या. मी एकदा सिंधू नदीचा धू ऱ्हस्व काढला, तर वही हवेत धरून म्हणाला होतात, 'एवढ्याशा धूमंदी एवढी मोठी नदी मावंल व्हय रे काशा?' सगळा वर्ग हसला. मीही हसलो, म्हणून मला एकट्याला बाहेर उभं केलंत. वर्गाबाहेर उभा राहिलेला तो काशिनाथ पुढं टीव्ही-टेप दुरुस्त करायला लागला आणि बसवकल्याणात तुमच्या घराच्या समोरच दुकान टाकून बसला. तेव्हापासून तुम्ही बाईंच्या अक्का झालात, पण बाहेर उभं करायची सवय गेली नाही.

गाडी तुमच्याकडं कशी आली हे गावात प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो. मी तुमच्या तोंडून ऐकलेलं खरं धरतो. तुमचे वडील निंबर्ग्याला वारले, तेव्हा वाटणीसाठी तुम्ही तिघं भावंडं आळंदच्या कचेरीत जमलात. थोरले डॉक्टरअण्णा विलायतेहून परत येऊन हैदराबादला राहिले होते, पण तिथं त्यांचा जीव रमेना, म्हणून पोराबाळांकडं पुन्हा निघाले होते. त्यांना काहीच नको होतं. मधले मल्लण्णा, तुमच्याहून दीड-दोन वर्षांनी मोठे, शेत तेच कसत होते. राहिलात तुम्ही. बहिणीनं हक्कसोडाच्या कागदावर सही करायची, साडी घ्यायची, डोळे पुसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, अशी रीत. तुम्ही पेन हातात घेतलंत आणि म्हणालात, 'सही करते. जमीन समदी मल्लण्णाला. पण डॉक्टरअण्णाची गाडी मला पायजे.'

डॉक्टरअण्णा हसले आणि किल्ली तुमच्या हातात दिली. मल्लण्णा मात्र हसले नाहीत. ती गाडी आपल्याकडं येणार असं त्यांनी अख्ख्या निंबर्ग्यात सांगून ठेवलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, घराशेजारी पत्र्याचं शेडही बांधलं होतं. त्या शेडमध्ये पुढं त्यांना कडबा भरावा लागला. अशा रीतीनं जमीन मिळालेला माणूस रुसून बसला आणि जमीन सोडलेली बाई गाडी घेऊन गेली. मल्लण्णांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. पंचमीला न्यायला येणं टाकलं.

मी एकदा विचारलं होतं, 'अक्का, जमीन सोडून गाडी कामून घेतलाव?'

'जमिनीत बसून कुठं जाता येतं का?' तुम्ही म्हणालात.

गाडी जपानात बनलेली, इंग्लंडात वापरलेली आणि हैदराबादेत पडून राहिलेली. दोनच दारं, दोनच माणसांची जागा आणि जमिनीपासून एवढी कमी उंची की आत बसायला आधी गाडीकडं पाठ करायची, मग देवाचं नाव घेऊन खाली जायचं, मग पदर आवरायचा आणि शेवटी पाय आत ओढायचे. दिवे बॉनेटमध्ये दडलेले. बटण दाबलं की बेडकासारखे वर यायचे. त्यातला एक अडकायचा, त्यामुळं समोरच्याला वाटायचं गाडीनं डोळा मारला. नव्या तहसीलदारांना तुमच्या गाडीनं पहिल्याच दिवशी भर चौकात डोळा मारला आणि ते बिचारे आठवडाभर गाडी कुणाची म्हणून चौकशी करत होते. साठी उलटलेल्या बाईंची आहे हे कळल्यावर त्यांनी चौकशी थांबवली.

तुम्ही गाडी छान चालवायच्या. यजमान होते तेव्हा त्यांच्या सरकारी जीपवर शिकला होतात, हात पक्का होता. अडचण एकच होती, तुम्हाला डावं-उजवं कळायचं नाही. ब्रह्मपुत्रा कुठं वळते ते तुम्ही डोळे झाकून दाखवायच्या, पण बसस्टँडवरून घरी यायला कुठं वळायचं हे रोज नव्यानं ठरवायच्या. म्हणून तुमची नजर त्या पडद्यावर गेली. डॅशबोर्डच्या मधोमध एक काळा काचेचा चौकोन होता. डॉक्टरअण्णांनी सांगितलं होतं की हा आकाशातल्या उपग्रहाला विचारून रस्ता दाखवतो, पण त्यांच्याकडं आल्यापासूनच तो बंद आहे.

'काशा, हे चालू कर.'

मी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, 'हे गेलंय अक्का. काढून टाकू. हैदराबादला नवे पडदे मिळायलेत, गाणी लागतात, पिच्चर लागतो.'

'बिघडलेलं काढूनच टाकायचं असतं तर तुला सातवीतच काढून टाकला नसता का?'

मी दुकानातून स्क्रूड्रायव्हर आणला. 

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला काम नव्हतं. लोकांकडं नवे टीव्ही यायला लागले होते. जुना बिघडला की दुरुस्तीला आणत नव्हते, भंगारात देत होते. टेपरेकॉर्डर तर माझ्या दुकानातच मरायला यायचे. माझ्या बरोबरीचे पुण्याला, हैदराबादला गेले. मी रोज शटर उघडायचो, टेबल पुसायचो आणि रस्त्याकडं बघत बसायचो. समोरून तुम्ही बघायच्या. त्यामुळं ती गाडी तुम्ही माझ्याकडं दिलीत ती रस्ता सापडत नव्हता म्हणून की माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून, हे मला नक्की माहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही कानडीत 'सुम्नि कूडो' म्हणाला असता. गप बस. तुमचं प्रेमाचं बोलणं सगळं त्या दोन शब्दांत असायचं.

मी डॅशबोर्ड खोलला. स्क्रू ठेवायला तुमच्या वाट्या घेतल्या. एकेक करत तुमच्या घरातल्या सगळ्या वाट्या स्क्रूंनी भरल्या आणि तुम्ही आमटी गिलासातून प्यायला लागलात. पडद्यामागं एवढ्या वायरी निघाल्या की परत आत कशा जातील या विचारानं मला जेवण जाईना. एकदा चुकीच्या वायरीला करंट दिला, तर हॉर्न जो लागला तो थांबेचना. वायपर काचेवर कोरडेच नाचायला लागले आणि दोन्ही दिवे वर येऊन बघायला लागले. तुम्ही पायरीवर बसून ज्वारी निवडत होता. मान वर न करता म्हणालात, 'चालू करायलास ते बरंय. पण एकेक कर.'

मी दोन महिने त्या पडद्याचा इलाज केला. पडद्याला काहीही झालेलं नव्हतं. हे मी नाही, तुम्ही शोधलंत. एक दिवस तुम्ही डिकीतून ज्वारीचं गाठोडं काढायला गेलात आणि तिथूनच हाक मारलीत, 'काशा, हिच्या पोटात काहीतरी गुरगुरायलंय.'

डिकीतला गालिचा उचलला तर खाली एक पत्र्याची पेटी. पडदा फक्त तोंड होतं, डोकं मागं होतं. त्या पेटीत सीडी फिरते, तिच्यात नकाशा असतो, तो वाचून पेटी पुढच्या पडद्याला सांगते. पेटी खोलली. आत सीडी होती, पण ती वाचणारी लेन्स धुरकटलेली आणि फिरवणारा रबरी पट्टा वितळून गुळाच्या काकवीसारखा झालेला. लेन्स मी स्पिरिटनं पुसली. पट्टा कुठून आणायचा? माझ्या दुकानात मेलेल्या टेपरेकॉर्डरांचा ढीग पडला होता. त्यातल्या एकाचा पट्टा काढून बसवला, तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच बनला होता.

तुम्ही किल्ली फिरवलीत. पडदा उजळला, त्यावर रस्ते उमटले, आणि एक बाई अतिशय गोड आवाजात काहीतरी बोलली. आपल्याला तिचं एकच कळलं, शेवटचं: कुदासाय.

'कुदा म्हणायलीय,' तुम्ही म्हणालात. 'उडी मारायची का काय?'

'जपानी हाय अक्का. काय म्हणायलीय काय ठावं.'

परवा डॉक्टरअण्णांचा विलायतेहून फोन आला होता.  त्यांनीही गाडीचंच विचारलं, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, त्याचा अर्थ 'कृपा करून'. म्हणजे अक्का, इतकी वर्षं ती बाई आपल्याला काहीतरी विनंती करत होती आणि आपण तिला रोज 'तूच कूद' म्हणत होतो.

पडद्यावरचं गाव जपानातलं होतं. अक्षरं वाचता येत नव्हती, पण गाव कळत होतं. एक जाड रस्ता, बारक्या गल्ल्या, हिरवा तुकडा म्हणजे बाग, आणि निळी पट्टी म्हणजे नदी, तिच्यावर पूल. आपण बसवकल्याणात दहा हात पुढं गेलो की पडद्यावरचा बाण तिथल्या गल्लीत दहा हात पुढं जायचा. वळलो की वळायचा. तुमचा आनंद बघण्यासारखा होता. आपण रोज संध्याकाळी जपानला जायला लागलो. किल्ल्याला वळसा घातला की बागेजवळ पोचायचो. कचेरीवरून सरळ गेलं की जाड रस्ता लागायचा, त्याचं नाव तुम्ही स्टेशन रोड ठेवलंत. तो पूल मात्र काही केल्या ओलांडता येईना, कारण पुलावर चढायचं तर बसवकल्याणात त्या जागी भाजीबाजार होता.

आणि एका गुरुवारी तुम्ही पूल ओलांडलात.

मी शेजारी बसलो होतो. तुमची नजर पडद्यावर होती. गाडी हळूहळू बाजारात शिरली आणि कांद्याच्या ढिगात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, कांदे तेवढे चौकभर पळाले. कांदेवाली कमरेवर हात ठेवून खिडकीपाशी आली आणि म्हणाली, 'अक्का, रस्ता तिकडं हाय.'

'मला ठावं हाय,' तुम्ही म्हणालात. 'पण पूल इकडं हाय.'

मग तुम्ही खाली उतरून भर बाजारात कांदे वेचलेत, मलाही वेचायला लावलेत. कांदेवालीनं तुम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, कुठला पूल. तुम्ही तिला आत बसवून पूल दाखवलात. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, 'नदीला पाणी लई हाय.'

हे सगळं बरं चाललं होतं. बिघडवलं ते मी, दुरुस्त करून.

माझ्या मनात शंका होती. उपग्रह वरून बघत असेल तर त्याला आपण बसवकल्याणात आहोत हे कसं कळत नाही? मी काचेखालचा अँटेना काढून बघितला. त्याची वायर उंदरांनी कुरतडली होती. म्हणजे पेटीला आकाशातलं काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी ज्या गावात ती शुद्धीवर होती त्याच गावात आपण अजून आहोत, अशा समजुतीत ती चाकांचे फेरे मोजून बाण पुढं सरकवत होती. मी वायर जोडली. कथील लावून झाळलं, टेप लावली. तुम्हाला हाक मारली. गाडी अंगणात उघड्यावर उभी केली, थोडं थांबलो, आणि बघता बघता ते सगळं गाव, बाग, स्टेशन रोड, पूल, पडद्यावरून निघून गेलं. राहिला नुसता निळा रंग आणि त्यात एक लाल बाण.

'गाव कुठाय?' तुम्ही विचारलंत.

'आता खरं दाखवायलंय अक्का. आपण त्या नकाशाच्या भायेर हाव. सीडीत जपान तेवढंच हाय.'

'हे निळं काय हाय?'

'समुद्र असंल. त्याला वाटायलंय गाडी समुद्रात हाय.'

तुम्ही पदरानं पडदा पुसून बघितलात. मग म्हणालात, 'वायर तोड.'

मी म्हणालो, दुरुस्त केलेलं मी बिघडवत नाही. तुम्ही म्हणालात, याला दुरुस्त म्हणत नाहीत. मी म्हणालो, आधीचं खोटं होतं. तुम्ही म्हणालात, 'खोटं होतं तर मी पूल ओलांडले कशी?' मी म्हणालो, तुम्ही पूल नाही, कांदे ओलांडले. त्यावर तुम्ही दार लावून घेतलंत. दोन-तीन आठवडे समोरून चहा आला नाही. पुढं चहा सुरू झाला, पण भांडण मिटलं नाही. कुठल्याही विषयावर बोलताना तुम्ही मधेच म्हणायच्या, 'तू तर बाबा, खरं दाखवणारा.' परवा-परवापर्यंत म्हणत होता. तुमच्या बाजूनं बोलायला आता तुम्ही नाही, आणि एकट्यानं भांडायचं तर मला माझीच बाजू थोडी थोडी पातळ वाटायला लागलीय. पण वायर मी तोडणार नाही, अक्का. हे सांगून ठेवतो.

त्याच वर्षी श्रावणात तुम्ही दुकानात आलात.

'काशा, उद्या निंबर्ग्याला जायचंय.'

'कामून?'

'पंचमी हाय. माहेरी जायला कारण लागतं व्हय?'

'मल्लण्णांनी बोलावलंय का?'

'त्यानं बोलावलं असतं तर कवाच गेले असते. बोलवत न्हाई म्हणून तर जावं लागायलंय.'

आपण आळंदवरून निघालो. पडद्यावर निळ्या समुद्रात बाण चालला होता आणि त्याच्यामागं बारीक ठिपके उमटत होते. रस्ता तुम्ही माणसांना विचारत होता आणि उत्तर मी ऐकत होतो, कारण डावं-उजवं माझ्याकडं होतं. आळंदच्या पुढं एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो वाकत वाकत खिडकीपर्यंत खाली आला आणि काळजीनं म्हणाला, 'बाई, तुमी एवढं खाली कामून बसलाव?'

निंबर्गा दिसायला लागलं तिथं मोरीचं काम चाललं होतं. बाजूनं कच्चा रस्ता काढला होता, काळ्या मातीचा. बैलगाडी गेली असती, जीप गेली असती. आपली गाडी पोटावर बसली. तुम्ही जितका पाय दाबला तितकी ती खाली गेली. झोक्याला निघालेल्या बायका-पोरी भोवती जमल्या. कुणीतरी ओळखलं, 'अगं, ही मल्लण्णाची भैन की.' कुणीतरी सांगायला पळालं.

मल्लण्णा स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. डोक्याला पांढरा पटका, मिशा तुमच्या भुवयांसारख्या दाट. खाली उतरले, गाडीला एक फेरी मारली, चाकांकडं पाहिलं, दिव्यांकडं पाहिलं. तुमच्याकडं पाहिलं नाही. दोर बांधून झाला, तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, 'मिस्तरी, तिला सांगा, चाक डावीकडं घे म्हणावं.'

तुम्ही माझ्या शेजारी, त्यांच्यापासून दोन हातांवर बसला होता. मी सांगितलं, 'अक्का, डावीकडं.' तुम्ही चाक उजवीकडं घेतलंत. ट्रॅक्टरनं ओढलं तशी गाडी आणखी रुतली.

'मिस्तरी, तिला सांगा, डावीकडं म्हणजे उजवीकडं न्हाई.'

'काशा, त्याला सांग, मला कळतं,' तुम्ही म्हणालात आणि पुन्हा उजवीकडं घेतलंत.

मल्लण्णा ट्रॅक्टरवरून उतरले. चिखल तुडवत आले आणि बॉनेटवर थाप मारून तुमच्या लहानपणच्या नावानं ओरडले, 'शके, जेवायचा हात कुठला? त्याच्या दुसरीकडं.'

तुम्ही उजवा हात वर उचललात, त्याच्याकडं पाहिलंत आणि चाक बरोबर दुसरीकडं फिरवलंत. गाडी चिखलातून सुटली. बायका हसल्या. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच तुमच्याशी बोलले हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं, कारण गाडी बाहेर निघाली तरी तुम्ही तो हात खाली घेतला नव्हता.

मल्लण्णा खिडकीपाशी उकिडवे बसले. आत डोकावले. निळ्या पडद्यावर बोट ठेवलं.

'हे काय हाय?'

'रस्ता दाखवायचं.'

'मग निंबर्गा कुठाय हेच्यात?'

'न्हाई. हेच्यात आपलं काहीच न्हाई.'

'मग आलीस कशी?'

'इचारत इचारत.'

मल्लण्णांनी मान हलवली, जणू याहून शहाणं उत्तर त्यांनी ऐकलेलं नव्हतं. घरी पोचलो तर त्यांनी कुणाला काही न सांगता शेडमधला कडबा एकट्यानं बाहेर काढायला घेतला. सगळा निघाला तेव्हा मला हातानं खूण केली, आत घ्या. गाडी त्या शेडमध्ये अशी बसली की इकडून-तिकडून सारखीच जागा उरली. माप त्यांनी कुठून आणलं होतं ते देव जाणे. वहिनींनी तंबिटाचे लाडू, लाह्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. जमिनीचं कुणी काढलं नाही, कागदाचं काढलं नाही. जेवणानंतर मल्लण्णा माझ्या जागी बसले आणि तुम्ही त्यांना गावातून फिरवून आणलंत. परत आल्यावर त्यांनी विचारलं, 'ही बाई काय म्हणायलीय?'

'कुदा म्हणायलीय.'

'आपल्याला? ह्या वयात?'

तेव्हा तुम्ही हसलात अक्का. मी तुम्हाला शाळेपासून ओळखतो, पण तोंडाला पदर न लावता हसलेलं मी तुम्हाला तेव्हाच पाहिलं.

पुढं मल्लण्णा दर पंचमीला न्यायला यायला लागले. स्वतः बसनं यायचे आणि तुमच्या गाडीतून परत जायचे. वाटेत तुम्ही दोघं इतकं भांडायचात की मला एकदा मंठाळच्या पुढं फोन आला, 'मिस्तरी, तुमीच सांगा, ह्या गाडीला डिझेल चालतंय का न्हाई.' आणि माझ्याकडं लोक गाडीतले टेप, स्पीकर, पडदे घेऊन यायला लागले. बसवकल्याणात जपानी बाई बोलती केली तो मिस्तरी, म्हणून. आज माझं दुकान चालतं ते त्यावर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दोनदा सांगायला आलो होतो. एकदा तुम्ही मला कोथिंबीर निवडायला बसवलंत आणि एकदा सिंधू लिहायला लावलंत.

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो, कारण ते तुम्ही बघितलेलं नाही.

तुम्ही सकाळी पेपर वाचता वाचता गेलात. समाजाची मंडळी जमली. जागेचं बोलणं सुरू झालं, गावाबाहेर समाजाची पुरायची जागा आहे तिथं खड्डा घ्यायचा असं ठरत होतं. तेवढ्यात मल्लण्णा टेम्पो घेऊन पोचले. आत गेले, तुमच्यापाशी थोडं बसले. बाहेर येऊन म्हणाले, 'तिला शेतात न्यायचं.'

एक जाणते गृहस्थ होते. वाईट मनाचे नव्हते, पण कागदाचे होते. ते म्हणाले, 'मल्लण्णा, बाईंचं हक्कसोड झालंय. तिथं त्यांचं आता काही न्हाई.'

'कागद आळंदात हाय,' मल्लण्णा म्हणाले. 'शेत निंबर्ग्यात हाय.'

आपल्या समाजात बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात. तुम्हाला विभूती लावली, हार घातला आणि खुर्चीत बसवून टेम्पोत चढवलं. तुमच्या बुटक्या गाडीत तुम्ही नेहमी अर्ध्या झोपल्यासारख्या बसायच्या, त्या दिवशी फार दिवसांनी ताठ दिसलात, वर्गातल्यासारख्या. मी एका बाजूनं धरलं होतं, मल्लण्णांनी दुसऱ्या बाजूनं. रस्ता तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला ते तुमच्या पाठीमागं हात घालायचे आणि सरकारला एक शिवी द्यायचे. निंबर्गा येईपर्यंत त्यांनी एकही मंत्री सोडला नाही. रडले मात्र नाहीत. मी रडलो, तर म्हणाले, 'मिस्तरी, नीट धरा. कलायलीय ती.'

शेतात तूर उभी होती, कमरेच्या वर, फुलावर आलेली. गावकरी फावडी घेऊन बांधाच्या कडेला थांबले होते. तिथं त्यांनी जागाही साफ केली होती. मल्लण्णा तिथं थांबले नाहीत. तुरीतून वाट काढत सरळ आत गेले, चारी बाजूंना बघत बघत, आणि शेताच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

'इथं,' म्हणाले.

शेजारचे शेतकरी म्हणाले, 'मल्लण्णा, बांधाला घ्या की. मधी कामून? दरसाल नांगर अडंल.'

'अडू दे,' मल्लण्णा म्हणाले. 'वळवून घिऊ.'

आणि पटका सोडून त्यांनी बाजूला ठेवला, खाली वाकले आणि पहिलं तुरीचं झाड स्वतःच्या हातानं उपटलं. मग आम्ही सगळेच उपटायला लागलो.